सात देवांचा अमेरिकन भाऊ

परत येऊन पंधरवडा झाला, तरी माझ्या उजव्या खांद्याची साल अजून भरून आलेली नाही. काय झालं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी वेगळी हकिकत सांगितली आहे. किराणावाल्याला अस्वल सांगितलं, पोस्टमनला वाघ सांगितला, आणि बायकोला काहीच सांगितलं नाही, कारण ती पुढचा प्रश्न विचारते. खरं कारण इथं लिहून टाकतो. मी रानात एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या मर्तिकाला खांदेकरी होतो. तो गृहस्थ मरून नव्वद वर्षं होत आली, पण आलापल्लीच्या पलीकडं ती बातमी या उन्हाळ्यातच पोचली. पोचवली मी.

त्याचं नाव लिहिणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव उगाच तोंडी घेऊ नये, अशी ताकीद मला मिळाली आहे. तुम्ही ओळखालच. लाकडाच्या खोपटात जन्मला, कुऱ्हाडीवर वाढला, वकील झाला, ताडमाड उंच, आपल्या देशातली गुलामगिरी उठवली आणि नाटक बघता बघता गोळी खाऊन मेला, तोच तो.

चांदा

नागपूरहून आम्ही दोघं निघालो, बापूराव आणि मी. बापूरावांनी आमच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. मी तिथंच चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात बोलतो. आमच्या वाचनालयाला कुण्या भल्या माणसानं जादूचा कंदील दिला होता. काचेवरची रंगीत चित्रं उजेडानं पडद्यावर मोठी करून दाखवणारी ही पेटी, आणि सोबत त्या अध्यक्षाच्या चरित्राच्या काचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे चरित्र रानातल्या लोकांपुढं न्यायचं, असं बापूरावांनी मनावर घेतलं. काय सांगायचं ते त्यांना ठाऊक, कसं सांगायचं ते मला.

बापूरावांची एक सवय सांगितली पाहिजे. मी काहीही बोललो की ते त्यातून निम्मं वजा करतात. म्हणून मी आधीच दुप्पट करून सांगतो. हिशेब बरोबर येतो आणि दोघांचीही नीती शाबूत राहते.

चांद्याला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की माणसाची सावलीसुद्धा त्याला सोडून झाडाखाली जाऊन बसत होती. ("बारा वाजले होते. सावली पायाखाली होती," बापूराव.) परकोटाच्या आत बापूरावांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं उतरलो. त्यानं लाखोळीच्या डाळीचे वडे आणि वर तिखटजाळ वांगं वाढलं. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करतात तो 'घ्या ना, घ्या ना' असा. चांद्याला आग्रह करत नाहीत, सरळ वाढतात आणि वर विचारतात, "काऊन बे, तब्येत बरी नाई का?" तब्येत बरी आहे हे सिद्ध करण्यासाठी मी सतरा वडे खाल्ले. बापूराव नऊ म्हणतात.

वैनगंगेपलीकडे

गडचिरोलीच्या बसमधे माझ्या मांडीवर एक बोकड होता. त्याचा मालक टपावर बसला होता. वैनगंगा उन्हाळ्यात आटली होती, पण बसला ओलांडू देण्याइतकी नाही. उतरून डोंग्यातून पलीकडं गेलो. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तिच्यात बसलेला माणूस शिंकला तरी ढिवर नावाडी रागावतो. कंदिलाची पेटी बापूरावांनी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. पलीकडं पोचल्यावर नावाड्यानं त्यांना हलवून विचारलं, "बुढेबाबा, आहा ना?"

पुढं आलापल्लीपर्यंत सागाच्या लाकडांच्या मोकळ्या लॉरीतून. वाटेत वाघ दिसला. तेरा हात लांब होता. बापूरावांनी शेपूट वजा केली, मग डोकं वजा केलं, आणि शेवटी तो वाघच नव्हता, रस्त्यावर वाळत घातलेली मोहफुलं होती, इथवर येऊन थांबले. असो.

आलापल्लीच्या बाजारात चैतू भेटला. पन्नाशीचा गोंड माणूस, कोसमगुडा गावचा पाटील. बाजारात येऊन जाऊन झाडीची मराठी बोली चांगली बोलायचा. कंदिलाची पेटी बघून त्याचे डोळे चमकले.

"परवा माह्या पोट्टीचं लगन हाय," तो म्हणाला. "पाहुणे जमून राह्यले. चाला ना भाऊ, दाखवा तुमचे चित्र. मुंगीची चटणी खाऊ घालतो."

चटणीच्या नावानं बापूराव कचरले. मी बैलगाडीत जाऊन बसलोसुद्धा.

कोसमगुडा

गाव म्हणजे पंचवीसेक घरं, बांबूचे कूड, शेणानं सारवलेली अंगणं, मधे एक मोठा मोह आणि खाली वळसा घालून जाणारी नदी. नवरा नदीपलीकडच्या गावचा. चैतूची मुलगी सोमी हिनं त्याला स्वतः पसंत केला होता. आमच्याकडं मुलगी चहाचा ट्रे घेऊन खाली बघत येते. सोमीनं आमच्यापुढं पळसाच्या पानावर लाल मुंग्यांची चटणी ठेवली, समोर मांडी घालून बसली आणि आमची तोंडं बघत राहिली. चटणी लिंबासारखी आंबट आणि वर मिरचीचा जाळ. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मास्तरभाऊ रडून राह्यले वो!" तिनं गावाला ओरडून सांगितलं.

दिवेलागणीला मोहाखाली धोतराचा पडदा बांधला. मी सांगायचो आणि चैतू गोंडीतून पुढं सांगायचा. पहिली काच खोपटाची. लोकांनी माना डोलावल्या, खोपट ओळखीचं होतं. दुसरी काच कुऱ्हाड घेतलेल्या पोराची. पुरुषांत बराच वेळ चर्चा झाली आणि कुऱ्हाड बरोबर धरली आहे असा निकाल आला. मला जोर चढला. त्याची उंची मी सागाएवढी केली. त्यानं कुस्तीत एकाच वेळी पंचवीस मल्ल लोळवले. त्याचं रणांगणावरचं गाजलेलं भाषण मात्र जसं होतं तसंच सांगितलं, की आधीचा वक्ता दोन तास बोलला आणि हा उभा राहिला तो फोटोवाल्याचं यंत्र लागेपर्यंत बोलून खालीही बसला. हे माझ्याच्यानं वाढवून सांगवेना. इतकं थोडं बोलणारा माणूस मला आधीच अतिशयोक्ती वाटतो.

मग गुलामांची काच आली. उघड्या पाठी, पाठीवर गाठोडी, मागं चाबूकवाला. गावचा भूमिया, म्हणजे देवाधर्माचं बघणारा म्हातारा लालसू, पडद्याजवळ आला आणि त्यानं चित्रातल्या गाठोड्यावर बोट ठेवलं.

"हे त वेठ होय," तो म्हणाला.

लालसूनं वेठीवर ओझी वाहिली होती. एका साहेबाचा आंघोळीचा पत्र्याचा टब त्यानं डोक्यावरून दोन डोंगर पार नेला होता आणि टबात साहेबाचं कुत्रं बसलेलं होतं. ही गोष्ट त्यानं सांगितली तेव्हा सगळे हसले. तोही हसला. जमीनदाऱ्या नुकत्याच गेल्या होत्या, हसण्याइतकी सवड आत्ताच मिळाली होती.

"अन् यानं ते बंद केली?"

"बंद केली," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं चित्राकडं पुन्हा पाहिलं. मग त्या मुलखात कुणाही चांगल्या माणसाबद्दल पहिल्यांदा विचारतात ते विचारलं, "याचे देव किती?"

तुम्हाला सांगायला हवं, गोंडांत चार देवांचे, पाच, सहा, सात देवांचे अशी कुळं असतात. एकाच आकड्याची माणसं एकमेकांचे भाऊ. आपण गोत्र विचारतो तसंच हे.

"त्यांच्यात तसं नसतं," बापूराव म्हणाले.

"सात!" मी म्हणालो. चैतू सात देवांचा आहे हे मला जेवताना कळलं होतं.

चैतूनं ते गोंडीत सांगितलं आणि असा गजर झाला की झाडावरच्या पाखरांनी गाव बदललं. चैतू उठून पडद्याला कडकडून भेटला. नागपुरातली व्याख्यानं मी ऐकली आहेत, तिथं वक्त्याला कुणी हारसुद्धा सरळ घालत नाही. त्या भरात मी शेवटची काच घातली. नाटकगृह, वरची बैठक, मागून आलेला मारेकरी. मी पाटावर हात आपटून गोळीचा आवाज काढला.

"मेला?" चैतूनं विचारलं.

"मेला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांमधून एक लांब हुंदका निघाला, मग दुसरा. माझं कथन फार प्रभावी झालं असं समजून मी समाधानानं झोपी गेलो.

सकाळ

उठलो तर गाव चिडीचूप. उखळाचा आवाज नाही, चुलीचा धूर नाही, मोहाची शेवटची फुलं वेचायलाही कुणी गेलं नाही. मांडवाचे बांबू काल जिथं टाकले होते तिथंच पडलेले. चैतू दारात पागोटं काढून खाली मान घालून बसला होता.

सोमी तरातरा आली.

"मास्तरभाऊ, तुमाले दुसरा दिवस नाई भेटला काय त्याले माराले?"

"कुणाला?"

"माह्या काकाले!"

मला कळेना. बापूरावांना आधी कळलं, इतिहासाचे मास्तर आहेत. ते कपाळावर हात मारून खाली बसले. सात देवांचा माणूस म्हणजे चैतूचा भाऊ. भाऊ गेल्याचं आपल्याला ज्या दिवशी कळतं त्या दिवशी सुतक लागतं. आपल्याकडंही नाही का, लांबच्या चुलत्याची बातमी सहा महिन्यांनी आली तरी डोक्यावरून पाणी घेतो? तसंच ते. फक्त त्यांच्याकडं नुसत्या पाण्यावर भागत नाही. मेलेल्याचा जीव भटकत असतो. त्याला पाण्यातून घरी आणून कुळातल्या जुन्यांजवळ बसवायचा, त्याच्या नावाचा दगड उभा करायचा, मग सुतक फिटतं. तोवर कुळात लग्न नाही. आणि उद्या नाही म्हणजे पावसाळ्याआधी नाहीच, कारण वऱ्हाडाची माणसं लगेच विडीसाठी तेंदूची पानं तोडायला रानोरान पांगणार, मग नदी भरणार, म्हणजे थेट पुढचा उन्हाळा.

"वरीसभर थांबू म्हणता मी?" सोमी म्हणाली. "तो थांबंन. त्याची माय नाई थांबत. तिले मी तशीबी आवडत नाई. ते दुसरी पाहून राह्यली."

तिचे डोळे भरले होते, आणि या वेळी चटणी नव्हती. मी जन्मात पुष्कळ गोष्टी वाढवून सांगितल्या, पण त्यामुळं कुणाचं लग्न अडलं असं झालं नव्हतं. गेलो तसाच लालसूकडं. चैतूही मागोमाग आला.

"लालसूभाऊ, काल मी जरा जास्त बोललो."

"मंग तो मेला नाई?"

"मेला."

"वेठ बंद केली ते लबाडी हाय?"

"नाही, ते खरं आहे."

"मंग?"

"ते सात देवांचं... ते मी आपलं..."

लालसूनं मला बोलू दिलं नाही. "गोष्टीत जित्ता होता तवा तुवाच भरल्या गावात त्याले भाऊ म्हणला. आता मेला त नाई म्हणतेस? काऊन, खर्च लागते म्हणून?"

मी चैतूकडं पाहिलं. वाटलं, मुलीसाठी तरी हा म्हणेल की जाऊ द्या. चैतू म्हणाला, "आमची वेठ त्याच्यासारख्यायनंच काढली ना, भाऊ. त्याले तिकडं गोळी घातली. इकडं कोणी दगड बी नाई लावला. मी त्याले भाऊ नाई म्हणत त माहं तोंड काळं होईन." मग आवाज खाली आला. "पोट्टीकडं पायवत नाई मले."

चैतूचं हे बोलणं बापूरावांनी परत आल्यावर आमच्या वाचनालयात तीनदा सांगितलं आहे, आणि त्यात त्यांनी काही वजा केलेलं नाही.

शेवटी लालसूनंच वाट काढली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं तर उद्याचं लग्न उद्याच. पण बातमी आणणाऱ्यानं खांदा द्यायचा आणि बातमी आणणाऱ्यानंच जीव बोलवायचा.

दगड आणि नदी

दगड मेलेल्या माणसाच्या मापाचा पाहिजे, असं निघालं.

"तुवाच म्हणला ना, सागाएवढा होता," एक जण म्हणाला.

"लहान साग," मी म्हणालो.

"किती लहान?"

"रोप म्हटलं तरी चालेल."

बापूरावांनी सहा फूट चार इंच ही खरी उंची सांगितली आणि माझा जीव वाचवला. तरीसुद्धा तो दगड! नाल्यातून बांबूंना बांधून आठ जणांनी उचलला, त्यातला एक मी. ऊन डोक्यावर, पायाखाली पानगळीचा चुरा. बाकीचे सात जण चालता चालता गात होते. मला श्वास घ्यायलाही सवड नव्हती. गुलामांचं चित्र मी काल पडद्यावर दाखवलं होतं. ओझं म्हणजे काय ते आज कळलं, आणि हे तर मी मानानं वाहत होतो. खांद्याची साल तिथंच गेली. गावाबाहेर, सात देवांच्या जुन्या दगडांच्या रांगेत, तो उभा केला तेव्हा मी त्याच्याच सावलीत आडवा झालो. सोमीनं येऊन माझ्या तोंडाशी आंबिलीचा वाडगा धरला. नदीपलीकडून ढोल ऐकू येत होते. नवऱ्याकडचं वऱ्हाड काठावर येऊन थांबलं होतं. मर्तिकाच्या गावात पाऊल कसं टाकणार?

दुपार कलताना नदीत उतरलो. रीत अशी, की गुडघाभर पाण्यात उभं राहून मेलेल्याची गोष्ट सांगायची. त्यानं ऐकलं तर तो मासा होऊन येतो. तो मासा मडक्यात घेऊन घरी न्यायचा. नाव घ्यायचं नाही, केलेलं काम सांगून हाक मारायची.

गोष्ट सांगायची म्हणजे माझा हातचा मळ. मी सुरू केलं. खोपट, कुऱ्हाड, पंचवीस मल्ल. मासा आला नाही. मी मल्ल पन्नास केले. एक बेडूक आला आणि गेला.

"पाणी हासून राह्यलं तुले," काठावरून लालसू म्हणाला. "त्याची गोष्ट त्यालेच सांगतेस, अन् लबाड सांगतेस. कसा येईन तो?"

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. पलीकडचे ढोल मंद झाले होते. एक म्हातारी, बहुधा नवऱ्याची आईच, काठावरचं गाठोडं बांधू लागली. बापूरावांनी धोतर खोचलं आणि पाण्यात माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "थोडं बोला," ते हळूच म्हणाले. "त्याला थोडं बोललेलं आवडायचं."

मग मी बोललो. किती दिवसांनी, कोण जाणे, मी काहीही न लावता बोललो.

"लाकडाच्या खोपटात जन्मलास. आई लहानपणीच गेली. कुऱ्हाड चालवलीस, चुलीच्या उजेडात वाचलंस. लोकांनी तुला मोठं केलं. एकानं दुसऱ्याचं ओझं मार खाऊन वाहावं, हे तुला बघवलं नाही. त्यापायी लढाई झाली, भावानं भावाला मारलं, आणि ते तुझ्या जिवाला लागलं. लढाई संपता संपता तुला मागून मारलं. तुझे देव किती, मला माहीत नाही. या घरात तुला भाऊ म्हणतात. ये."

चैतूनं ते गोंडीत सांगितलं. त्यालाही फार वेळ लागला नाही.

पाणी स्वच्छ होतं. काही नव्हतं. आणि मग वरच्या अंगानं बोटाएवढ्या माशांचा एक घोळकाच आला आणि त्यातला एक सरळ मडक्यात शिरला. काठावर ओरडा झाला. मी वर पाहिलं. नदीच्या वळणावर, करंजांच्या आड, सोमी आणि तिच्या चार मैत्रिणी कमरेएवढ्या पाण्यात "आंघोळ" करत होत्या. टोपल्या घेऊन, पाय आपटत, पाणी ढवळत. मी लालसूकडं पाहिलं. तिकडं त्याचंही लक्ष होतं. त्यानं सावकाश पाठ फिरवली आणि तो एका अगदी साध्या झाडाकडं बारकाईनं पाहू लागला.

"आला," तो म्हणाला. "आपल्या पायानं आला."

मला एवढं हायसं वाटलं की मी पाण्यातच बसलो. बापूराव, जन्मात कधी मोठ्यानं न बोललेला माणूस, नदी दुमदुमेल असे ओरडले, "आला हो! आला!" हे मी वाढवून सांगत नाही. पलीकडच्या ढोलांनी त्यांनाच उत्तर दिलं.

हळद

चैतूनं मडकं घरात नेलं, कुळातल्या जुन्यांच्या कोपऱ्यात ठेवलं, मोहाची दारू शिंपडली आणि चुली पेटल्या. सगळं गाव एकदम बोलायला लागलं, बंद केलेलं गिरणीचं चाक सोडावं तसं. त्या संध्याकाळी मी काय काय खाल्लं ते सांगत नाही, बापूरावांनी वजा करायला काही उरणार नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लागलं. नवरा बुटका, हसरा, मोराचं पीस खोवलेला. त्याची आई सोमीकडं बघून तोंड वाकडं करतच होती, पण सात देवांच्या घरी कोण मोठा माणूस येऊन बसला आहे हे तिला कुणीतरी सांगितलं, आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

गाव सोडण्याआधी नवरी कुळाच्या दगडांना हळद लावते. सोमी एकेका दगडाला बोटं टेकत रांगेच्या टोकाला आली. नव्या दगडाच्या पायथ्याची माती अजून ओली होती. त्याला तिनं तळहात भरून हळद फासली, जिथवर हात पुरला तिथवर.

"हा माहा काका," ती नवऱ्याला म्हणाली. "लई मोठा माणूस. आल्याबरोबर माह्या लग्नात आडवा आला. मंग दोन शब्द नीट सांगितले, त ऐकलं बिचाऱ्यानं अन् बाजूले बसला."

नवऱ्यानं वाकून दगडाला जोहार केला. चैतूनं पागोटं सारखं केलं, ढोल वाजले, आणि सोमी हळदीचे हात तसेच घेऊन हसत हसत नदीत उतरली.